नवं गाणं जुनं कसं वाटतं? ‘द सबर्ब्ज’ आणि आठवणीच्या आवाजाचं तंत्र

‘नॉस्टॅल्जिया’साठी मराठीत दोन शब्द चालतात आणि दोघांचं आपसात फारसं पटत नाही. ‘स्मरणरंजन’ म्हटलं की आरामखुर्ची, वाफाळता चहा आणि ‘आमच्या वेळी ना...’ असा सूर. ‘गतकातरता’ म्हटलं की घशाशी काहीतरी दाटतं. मूळ शब्द या दुसरीच्या घरचा आहे. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं बाझलमधल्या आपल्या प्रबंधात ‘घरी परतणं’ आणि ‘वेदना’ अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून तो तयार केला. परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांना घराच्या ओढीनं जडणाऱ्या दुखण्याचं ते नाव होतं. रंजन त्यात मागाहून घुसलं.

आर्केड फायर या मॉन्ट्रियलच्या बँडचा ‘द सबर्ब्ज’ हा २०१० सालचा अल्बम या दोन शब्दांच्या मधल्या फटीत बसतो. इंडी रॉकमध्ये, म्हणजे बड्या कंपन्यांबाहेर वाढलेल्या रॉकमध्ये, आठवणींवरची गाणी रग्गड आहेत. पण आठवण झिजते कशी, हे शब्दांत, गाण्यांच्या क्रमात आणि थेट ध्वनिमुद्रणाच्या प्रक्रियेत दाखवणारे अल्बम थोडे. म्हणून नमुन्याला तोच घेऊ. मग ‘जुनं वाटणं’ हा परिणाम आवाजात नेमका कशानं येतो आणि घरच्या घरी करायचा तर कुठे फसतो, तेही पाहू.

आधी ‘सबर्ब’ म्हणजे काय

सबर्ब म्हणजे उपनगर, असं म्हणून अंधेरी-बोरिवली डोळ्यांसमोर आणलीत तर हा अल्बम कळणार नाही. आपलं उपनगर म्हणजे गर्दी, स्टेशन, खाली दुकानं आणि वर बिऱ्हाडं. अमेरिकी सबर्ब याच्या बरोबर उलट आहे: एकसारखी सुटी घरं, पुढे हिरवळ, शांत वळणदार रस्ते, चालत जाण्यासारखं जवळपास काही नाही. दुधासाठीसुद्धा गाडी काढायची. सायकल असलेल्या बारा वर्षांच्या पोराला तिथे स्वातंत्र्य भरपूर आणि जायला ठिकाण मात्र एकही नाही. फार तर मॉल.

बँडमधले विन आणि विल बटलर हे भाऊ टेक्सासात ह्यूस्टनच्या उत्तरेला ‘द वुडलंड्स’ इथे वाढले. ही वस्ती हळूहळू वाढलेलं गाव नाही. जॉर्ज मिचेल या तेल-वायू उद्योजकानं आखून वसवलेली आणि १९७४ साली सुरू झालेली वसाहत आहे. म्हणजे ज्या जागेची ओढ या अल्बमभर आहे, ती जागा गाणाऱ्या विनपेक्षा जेमतेम सहा वर्षांनी मोठी. तिथे जुना वाडा नाही, आजोबांचं झाड नाही. ओढ लागावी असं फारसं काही नसलेल्या जागेची ओढ, हाच या अल्बमचा पेच आहे.

ठिणगी पडली ती एका पत्रानं. विनच्या बालपणीच्या मित्रानं पत्र लिहिलं, सोबत एक फोटो होता: लहानपणच्या घराजवळचा तोच मॉल, आणि मित्राच्या खांद्यावर त्याची मुलगी. पहिल्याच गाण्यात मुलीचा उल्लेख येतो तो उगाच नाही. सगळं मोडकळीला येण्याआधी तिला काहीतरी सुंदर दाखवायचंय, अशी तिथली विनवणी आहे.

सोळा गाणी, तीन जोड्या

ऑगस्ट २०१० मध्ये आलेल्या या अल्बममध्ये सोळा गाणी आहेत आणि तो तासाभराहून थोडा जास्त चालतो. पुढच्या फेब्रुवारीत त्याला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं. ‘मर्ज’ या नॉर्थ कॅरोलायनातल्या स्वतंत्र कंपनीच्या अल्बमला तो मिळेल अशी फार जणांना अपेक्षा नव्हती.

पहिल्यांदा ऐकताना सोळाही गाणी एकाच मैदानात फिरतात असं वाटतं आणि थोडा कंटाळाही येतो. तो कंटाळा विषयाचाच भाग आहे, पण त्यात हरवायचं नसेल तर एक धागा धरा: जोड्या. ‘हाफ लाइट’ दोनदा येतं, ‘स्प्रॉल’ दोनदा येतं आणि ‘द सबर्ब्ज’ पहिलं नि शेवटचं असं दोनदा येतं.

‘स्प्रॉल’ म्हणजे शहराची अस्ताव्यस्त पसरत गेलेली वस्ती. या जोडीतल्या पहिल्या गाण्यात विन संथ लयीत सांगतो की गाडी काढून जुनं घर शोधायला गेलो, अंधारात घराचे नंबर वाचता येईनात, खेळायच्या जागा शोधल्या आणि तो आयुष्यातला सगळ्यात एकटा दिवस ठरला. त्यावर लगेच दुसरं गाणं येतं. बँडमधलीच रेजिन शासान्य गाते, सिंथेसायझर चमकतात, लय नाचायला लावते. विषय तोच, पसरलेले मॉल आणि त्यांच्यात घुसमटणारा जीव. पहिल्या गाण्यात आठवण शोधायला गेलेला माणूस हात हलवत परत येतो, दुसऱ्यात तीच रिकामी जागा झगमगते. एकच गोष्ट माणूस दोनदा आठवतो तेव्हा घटना तीच राहते, प्रकाश बदलतो. इथे तो अक्षरशः वाद्यं बदलून बदलला आहे.

शेवटच्या जोडीत आणखी गंमत आहे. अल्बम उघडतो तो उड्या मारत चालणाऱ्या पियानोनं, जवळजवळ सहलीला निघाल्यासारखा. बंद होताना तोच मुखडा दीड मिनिटांच्या एका तुकड्यात परत येतो. आता पियानोची चाल गेलेली असते, तंतुवाद्यांचा धूसर पडदा असतो, आणि आवाज पुटपुटल्यासारखा. म्हणणं असं, की वाया घालवलेला तो सगळा वेळ परत मिळाला तर मी तो पुन्हा वायाच घालवेन. स्मरणरंजनवाला म्हणेल, तेव्हा किती छान होतं. इथला माणूस असं कुठेच म्हणत नाही. वेळ वाया गेला हे त्याला पक्कं माहीत आहे आणि तरी तो हवा आहे.

मधल्या गाण्यांपैकी ‘मॉडर्न मॅन’कडे कान द्या. टेबलावर बोटांनी चार-चार मोजत राहिलात तर हिशेब चुकतो, ताल मध्येच ठेचकाळतो. तबकडीवर सुई अडखळावी तसा हा परिणाम आहे, पण तो वादकांनी हातांनी वाजवलेला आहे. ‘वी यूज्ड टू वेट’ पत्रांवर आहे, पत्र लिहून उत्तराची वाट बघण्याच्या काळावर. त्याच गाण्यासाठी दिग्दर्शक क्रिस मिल्कनं गूगलच्या साथीनं २०१० मध्येच एक चलच्चित्र-प्रयोग केला होता. ब्राउझरमध्ये लहानपणच्या घराचा पत्ता टाकायचा, की खिडक्यांवर खिडक्या उघडून तुमच्याच गल्लीतून एक मुलगा धावू लागतो. भारतातून पाहणाऱ्यांना त्यातला अर्धाच भाग मिळत असे, कारण स्ट्रीट व्ह्यू तेव्हा आपल्याकडे नव्हतंच. ते आलं २०२२ मध्ये, मुंबई, पुणे, नाशिक, नगर यांच्यासकट दहा शहरांत. तोवर छतं वरून दिसत, दार दिसत नसे.

गाणं आधी तबकडीवर का कापलं

आता कारागिरीकडे. या अल्बमची एक गोष्ट ऐकणाऱ्याला सहसा कळत नाही. प्रत्येक गाणं पूर्ण झालं की ते बारा इंची लॅकर तबकडीवर कापून घेतलं गेलं. मग ती तबकडी वाजवून तिचा आवाज पुन्हा मुद्रित केला गेला, आणि डिजिटल आवृत्ती या परत आलेल्या आवाजावरून बनली. म्हणजे फोनवर किंवा सीडीवर हा अल्बम ऐकलात तरी तुम्ही एकदा सुईखालून गेलेला आवाज ऐकता.

लॅकर म्हणजे बाजारात मिळते ती रेकॉर्ड नव्हे. अॅल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजच्या रोगणाचा गुळगुळीत थर असतो. कापणाऱ्या यंत्रावर माणकाची किंवा नीलमण्याची टोकदार सुई तापवून त्या थरात खाच पाडते आणि निघणारा केसासारखा बारीक कीस बाजूला ओढून घेतला जातो. नेहमीच्या कामात या लॅकरवरून धातूचे साचे बनतात आणि साच्यांवरून व्हायनलच्या प्रती. लॅकर स्वतः मऊ असतं. ते वाजवता येतं, पण दर वेळी सुई खाचेच्या भिंती किंचित घासते आणि सगळ्यात आधी वरचे बारीक स्वर जातात: झांजांची चकाकी, ‘स’ची धार.

या फेरीत आवाजाला बरंच काही होतं. कापताना खालचे स्वर दाबले जातात आणि वरचे उचलले जातात, नाहीतर खर्जाच्या लाटा इतक्या रुंद होतील की शेजारच्या खाचेत शिरतील. वाजवताना हेच उलटं करून तोल परत आणतात. १९५० च्या दशकात ठरलेल्या या प्रमाणानुसार दोन्ही टोकांना फरक वीस डेसिबलच्या आसपास जातो. उलटसुलट केलेला हिशेब कागदावर शून्य होतो, प्रत्यक्षात होत नाही. सुई, काट्रिज (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) आणि तारा यांची थोडी छाप राहतेच. खोल खर्ज डाव्या-उजव्या बाजूला विखुरलेला असेल तर सुई उडते, म्हणून तो मध्यभागी आणावा लागतो. ‘स’ आणि ‘श’ फार तीक्ष्ण असतील तर फाटल्यासारखे येतात, म्हणून ते आधीच बोथट करावे लागतात.

शिवाय तबकडी एकाच गतीनं फिरली तरी खाच एकाच वेगानं सरकत नाही. बारा इंची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते तेव्हा बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच जाते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबला की तो चुरगळतो. म्हणून एलपीच्या बाजूचं शेवटचं गाणं नेहमी थोडं मळकट वाटतं. एका तबकडीवर एकच गाणं कापण्याचा फायदा इथे दिसतो: आतल्या कडेपर्यंत जायचीच गरज पडत नाही. सुईची छाप मिळते, चुरगाळा मिळत नाही. म्हातारपण हवंय पण मोतीबिंदू नको, असा हा हिशेब.

या प्रकाराला कोणी नखरा म्हणेल, आणि शंभरातल्या नव्वद जणांना आंधळ्या चाचणीत फरक सांगता येणार नाही हे मान्य. पण आठवणींच्या अल्बमला ही प्रक्रिया चपखल बसते. फ्रेडरिक बार्टलेट या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही काळानं पुनःपुन्हा सांगायला लावली. त्याचं हे काम १९३२ मध्ये प्रसिद्ध झालं. दर खेपेला कथा लहान होत गेली, अनोळखी तपशील गळले, ‘कनू’ची साधी ‘बोट’ झाली. लोक जुनी फाइल उघडत नव्हते, कथा नव्यानं रचत होते. त्याच्या कितीतरी नंतर, २००० साली, उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की जागी केलेली आठवण काही काळ कच्ची होते आणि मेंदूला ती पुन्हा पक्की करावी लागते. वाजवली की घासते, आणि घासलेलीच पुन्हा नोंदली जाते. मऊ लॅकरचा स्वभावही असाच.

कॅसेटचं गणित

लॅकर कापण्याचं यंत्र कुणाच्या घरी नसतं. घरगुती इंडी रॉकचा जुनाट आवाज आला तो कॅसेटवरून. टीअॅक कंपनीनं १९७९ मध्ये ‘पोर्टास्टुडिओ’ हे चार ट्रॅकचं यंत्र काढलं आणि साध्या कॅसेटवर एकावर एक चार थर मुद्रित करता येऊ लागले. ब्रूस स्प्रिंगस्टीननं त्यावर घरी केलेला कच्चा मसुदा १९८२ मध्ये तसाच अल्बम म्हणून काढला, कारण पूर्ण बँडबरोबर पुन्हा वाजवल्यावर मूळचा भाव उरेना.

कॅसेटची फीत ३.८ मिलिमीटर रुंद असते. तिच्यावर दोन्ही बाजूंचे डावे-उजवे मिळून चार ट्रॅक, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ०.६ मिलिमीटर. ती सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते, तर स्टुडिओतली मोठी टेप ३८. यातच सगळं आलं. १५,००० हर्ट्झचा बारीक स्वर कॅसेटवर लिहिला की एका लाटेला सुमारे तीन मायक्रॉन जागा मिळते, स्टुडिओच्या टेपवर पंचवीस. कॅसेट वाचणारं हेड एका अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं तिरकं झालं तरी ट्रॅकच्या वरच्या कडेला लाटेचा माथा आणि खालच्या कडेला पुढच्या लाटेचा माथा येतो, मधलं सगळं एकमेकांना खोडतं आणि तो स्वर गायब होतो. दुसऱ्याच्या डेकवर भरलेली कॅसेट आपल्याकडे घोंगडीखालून वाजल्यासारखी का यायची, त्याचं उत्तर हे. कॅसेट खराब नसायची, दोन हेडांचे कोन जुळायचे नाहीत.

दुसरी गोष्ट डगमग. फीत ओढणारी दांडी, रबरी रोलर आणि पट्टा यांतलं काहीच अगदी गोल किंवा अगदी सम नसतं, म्हणून वेग हलतो आणि वेगाबरोबर सूरही हलतो. सेकंदाला साधारण चार वेळांपेक्षा कमी हेलकावा असेल तर त्याला ‘वाव’ म्हणतात, जास्त असेल तर ‘फ्लटर’. अर्धस्वराएवढा फरक पडायला वेग सहा टक्के बदलावा लागतो. त्यामानानं अर्धा टक्का म्हणजे अर्धस्वराचा बाराव्या हिश्श्याइतकाच फरक, तरी पियानोचा लांबवलेला सूर तेवढ्यानं ओल्या कागदासारखा वळतो. गाणाऱ्याच्या आवाजात तो खपून जातो, कारण गळा मुळातच थोडा हलतो. पियानो कधीच हलत नाही हे कानाला माहीत असतं, म्हणून पियानो हलला की ‘हे आत्ताचं नाही’ असा निकाल लगेच लागतो.

तिसरी गोष्ट दाब. टेपवर मर्यादेपेक्षा मोठा आवाज लिहायला गेलात की चुंबकीय कण आणखी साथ देत नाहीत. शिखरं एकदम कापली जात नाहीत, खांदे पाडून गोल होतात. ढोलाचा ठोका आखूड आणि जाड होतो. शिवाय वरच्या स्वरांना टेप लवकर थकते, त्यामुळे जोरात भरलेल्या कॅसेटवर झांजा सर्वांत आधी मऊ पडतात.

ज्यांनी कधी पेन्सिलनं कॅसेट फिरवली नाही, त्या विशीतल्या मुलांनाही हा आवाज का हळवा करतो? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वीस वर्षांच्या आसपासच्या श्रोत्यांना वेगवेगळ्या दशकांतली गाजलेली गाणी ऐकवली. स्वतःच्या काळाखेरीज आईवडिलांच्या तरुणपणातल्या गाण्यांभोवतीही त्यांच्या आठवणी आणि ओढ दाटलेली दिसली. घरात जे वाजत होतं ते मुलांच्या कानात उतरलं. बहुतेक घरांत ते यंत्राच्या दोषांसकट उतरलं असणार.

पेटीवर करून पाहायची एक गोष्ट

सगळा जुनेपणा यंत्रातून येत नाही. एक स्वरांची युक्ती पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात अनेक दशकं वापरात आहे आणि पेटी असेल तर मिनिटभरात कळते. पांढरी एक हा सा धरा. उजव्या हातानं म, शुद्ध ध आणि वरचा सा एकत्र दाबा. आता बाकी बोटं तशीच ठेवून ध तेवढा कोमल करा. मग म वरून ग वर आणि कोमल ध वरून प वर या, वरचा सा अजूनही दाबलेलाच. शुद्ध ध, कोमल ध, प अशी एक रेघ अर्ध्या-अर्ध्या स्वरानं खाली उतरली आणि तुम्ही घरी पोहोचलात. मधल्या पायरीवर जे क्षणभर झाकोळलं, ती गतकातरता. घर तेच आहे, फक्त दारात उभं असताना वरून एक ढग गेला. कोमल ध वर फार रेंगाळलात तर मात्र नुसतं दुःख होतं. त्याला एक आवर्तन पुरे.

घरी करायचं तर

गाणं संगणकावरून कॅसेटवर भरायचं आणि ती वाजवून परत संगणकात घ्यायचं. त्यासाठी चालू कॅसेट डेक, जुना टू-इन-वन असला तरी चालतो. कोरी टाइप-१ प्रकारची साठ मिनिटांची कॅसेट. ऑडिओ इंटरफेस (संगणकात आवाज आत-बाहेर नेणारी डबी) आणि दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या तारा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ असते आणि एकशेवीसवालीची त्याहून. ती रोलरभोवती गुंडाळून रीळ बाहेर यायचा धोका असतो. साठचीच घ्या.

डेक वर्षानुवर्षं बंद असेल तर आधी झाकण उघडून रबरी पट्टा पाहा. तो डांबरासारखा चिकट झाला असेल किंवा सैल पडला असेल तर बदला. मेलेल्या पट्ट्याची डगमग ‘जुना गोडवा’ वाटत नाही, बॅटरी संपत आलेल्या खेळण्यासारखी वाटते. मग कापसाच्या इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड, दांडी आणि रोलर पुसा. बड तपकिरी यायचा थांबेपर्यंत पुसा आणि पाच मिनिटं वाळू द्या. कॅसेटच्या सुरुवातीला काही सेकंद नुसता कोरा पट्टा असतो, त्याच्यावर आवाज बसत नाही. पेन्सिल किंवा षटकोनी पेन घालून तो पुढे फिरवून घ्या. वरच्या कडेचे प्लॅस्टिकचे दात मोडलेले असतील तर रेकॉर्डचं बटण दबणार नाही. तिथे चिकटपट्टी लावा.

डॉल्बी, म्हणजे फितीची सळसळ (हिस) कमी करणारी डेकवरची सोय, बंद ठेवा, भरताना आणि वाजवताना दोन्ही वेळा. ते एका वेळी चालू आणि एका वेळी बंद राहिलं की वरच्या स्वरांचा तोल बिघडतो: चालू ठेवून भरलं नि बंद करून वाजवलं तर टोकदार आणि हिसयुक्त, उलट केलं तर मळकट. काटा शिखरांना शून्यावर येईल असा पहिला प्रयत्न भरा. दुसऱ्यात तीन डेसिबल वर ढकला. दोन्ही ऐकून ठरवा, बहुतेक वेळा दुसरा ड्रमला बरा आणि पहिला आवाजाला बरा असतो. परत घेताना संगणकावर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि शिखरं उणे सहाच्या आसपास. घुमणारा ५० हर्ट्झचा हम आला तर डेक आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहा, किंवा लॅपटॉपचा चार्जर काढा.

सगळ्यात जास्त जण फसतात ते मेळात. एकटा गाण्याचा ट्रॅक कॅसेटवरून फिरवून परत बाकीच्या वाद्यांखाली ठेवला की सुरुवात जुळते आणि शेवट विस्कटतो. भरताना आणि वाजवताना वेगात अर्ध्या टक्क्याचा फरक पडला तर चार मिनिटांच्या गाण्यात १.२ सेकंदांची दरी पडते. उपाय दोन आहेत. एक तर पूर्ण मिश्रण एकदमच कॅसेटवरून फिरवा. नाहीतर एकेक ओळ कापून पुन्हा जागेवर बसवा, आणि त्यासाठी गाण्याच्या आधी चार टाळ्या मुद्रित करून ठेवा.

डेक नसेल तर प्लगइन आहेत, म्हणजे संगणकावर हाच परिणाम देणारे छोटे प्रोग्राम. त्यांच्यातली बहुतेक तयार सेटिंगं दाखवण्यासाठी केलेली असतात, म्हणून भडक असतात. वाव सेकंदाला अर्धा ते एक हेलकावा, खोली अर्धस्वराच्या दहाव्या हिश्श्याच्या आत, आणि शक्यतो अनियमित. अगदी सम लाटेनं हलणारा सूर बोट लागल्यासारखा वाटतो. वरचे स्वर ८ ते १० किलोहर्ट्झच्या वर हलक्या उतारानं उतरवा. हिस घालायचीच असेल तर गाण्यापेक्षा ५५ ते ६० डेसिबल खाली, आणि शेवटच्या सुरानंतर ती दोन-तीन सेकंद चालू राहू द्या. सूर संपताक्षणी हिसही कापली गेली की सोंग उघडं पडतं.

रिव्हर्बमध्ये, म्हणजे वरून घातलेल्या घुमाऱ्यात, एक आकडा बाकी सगळ्यांवर भारी असतो: मूळ आवाज आणि घुमारा यांच्यातलं अंतर. ते ० ते १० मिलिसेकंद ठेवलंत तर गाणारा दालनाच्या पलीकडच्या टोकाला उभा राहतो. ६० ते ८० केलंत तर तो कानाशी बोलतो आणि मागे रिकामी जागा पसरते. आठवणीच्या गाण्याला दुसरं जास्त शोभतं. बोलणारा आत्ताचा आहे, दूर गेलीय ती खोली. सगळंच दूर ढकललं की दूर कशापासून, तेच कळत नाही. त्याच कारणानं सगळ्या ट्रॅकना झीज लावू नका, एक तरी वाद्य धडधाकट राहू द्या.

फितीवरची भुतं

एक झीज अशी आहे की ती कोणी मुद्दाम घालत नाही. मोठ्या रिळावर टेप गुंडाळून कपाटात ठेवली की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर हलकेच छापलं जातं. वर्षांनी ती वाजवली तर शांत जागेत गाणाऱ्याचा पहिला शब्द येण्याआधी सुमारे एक-दीड सेकंद तोच शब्द पुसट ऐकू येतो. हा ठसा आतल्या वेढ्यापेक्षा बाहेरच्या वेढ्यावर जास्त उमटतो. म्हणून टेप नेहमीसारखी सुरुवात बाहेर ठेवून गुंडाळली तर भूत शब्दाच्या आधी येतं. स्टुडिओतले लोक ती वाजवून झाल्यावर मागे फिरवतच नाहीत. शेवट बाहेर ठेवून तशीच डब्यात घालतात आणि डब्यावर ‘टेल्स आउट’ असं लिहितात. मग भूत शब्दाच्या मागून येतं आणि त्याच्याच घुमाऱ्यात मिसळून जातं. डबा उघडणाऱ्यानं फक्त ती चिठ्ठी वाचायची आणि ऐकण्याआधी टेप पूर्ण मागे फिरवायची.